झटका नव्हे, धाप : सोवेटोच्या हृदयरोगाचं प्रकरण

हृदयरोग म्हटला की आपल्याकडे एकच चित्र उभं राहतं. छातीवर हात दाबून बसलेला पन्नाशीचा गृहस्थ, दरदरून घाम, डाव्या हाताला कळ, मग धावपळ, अँजिओग्राफी आणि ‘दोन ब्लॉक निघाले’. हे चित्र मनात धरून दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गच्या नैर्ऋत्येच्या सोवेटो या वस्तीत गेलात, तर तिथला हृदयरोगी शेजारून जाईल आणि तुम्हाला कळणारही नाही. बरेचदा ती बाई असते. वय पन्नाशीच्या आसपास, अंगाने भरलेली. छातीत काही दुखत नाही. पण टॅक्सी थांब्यापासून घरापर्यंत येताना दोनदा थांबावं लागतं, संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुततो आणि उशाखाली दुसरी उशी घेतल्याशिवाय झोप लागत नाही. तिला स्वतःला वाटत असतं की वय झालं, वजन वाढलं, बाकी काही नाही.

असे रुग्ण किती, याची नीट मोजदाद २००६ साली झाली. सोवेटोच्या क्रिस हानी बाराग्वानाथ रुग्णालयात हृदयरोगतज्ज्ञ कारेन स्लीवा, सायमन स्ट्युअर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली. ‘हार्ट ऑफ सोवेटो’ नावाने हा अभ्यास २००८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्या एका वर्षात ४,१६२ हृदयरुग्ण नोंदले गेले. त्यातले २,५६९ आधीपासून उपचार घेणारे, तर १,५९३ जणांचं निदान त्याच वर्षी पहिल्यांदा झालेलं. या प्रकरणात आपल्याला रस आहे तो या १,५९३ नव्या रुग्णांत, कारण शहर माणसाच्या हृदयाचं नेमकं काय करतं हे त्यांच्यात दिसतं.

त्यांच्यात ५९ टक्के बायका होत्या. बायकांचं सरासरी वय ५३, पुरुषांचं ५५. श्रीमंत देशांत हार्ट फेल्युअरचे रुग्ण साधारण सत्तरीचे असतात. इथे माणूस कमावत्या वयातच धापा टाकत दवाखान्यात येत होता. ८४४ जणांना, म्हणजे निम्म्याहून अधिक रुग्णांना, हार्ट फेल्युअर होतं. आपल्याकडे ‘हार्ट फेल झालं’ म्हणजे माणूस गेला, असा अर्थ लोक घेतात. डॉक्टर म्हणतात ते हार्ट फेल्युअर वेगळं. हृदय थांबलेलं नसतं, त्याचं पंपिंग कमी पडत असतं.

आणि हार्ट अटॅक? नव्या रुग्णांत १,३५९ कृष्णवर्णीय आफ्रिकी होते. त्यांच्यात हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होण्याचा आजार, म्हणजे आपला ओळखीचा ब्लॉकेजचा आजार, फक्त ७७ जणांना होता. म्हणजे ६ टक्के. उरलेल्या २३४ जणांत गोरे, भारतीय वंशाचे आणि मिश्रवंशीय होते. त्यांच्यात हाच आजार ८८ जणांना, म्हणजे ३८ टक्क्यांना होता. दवाखाना एक, वर्ष एक, यंत्रं तीच, आणि रोगाचे चेहरे मात्र दोन.

एक सावधगिरी इथेच नोंदवतो. ही रुग्णालयाची वही आहे, वस्तीची जनगणना नव्हे. जो घरीच अचानक गेला, तो या वहीत येत नाही, आणि हार्ट अटॅकने जाणारे पुष्कळ जण असेच जातात. शिवाय मोठ्या रुग्णालयात पोचतो तो दुखणं बरंच पुढे गेल्यावर. तरीही ६ आणि ३८ यांतली दरी एवढ्याने बुजत नाही. सहा वर्षांनी, २०१२ मध्ये, नऊ आफ्रिकी देशांतल्या बारा रुग्णालयांचा अभ्यास आला. हार्ट फेल्युअरने भरती झालेल्या १,००६ रुग्णांचा. तिथेही सरासरी वय ५२, तिथेही सर्वात मोठं कारण उच्च रक्तदाब, सुमारे ४५ टक्के. ब्लॉकेजमुळे हार्ट फेल्युअर झालेले ८ टक्क्यांच्या आतच. सहा महिन्यांत यातले जवळपास १८ टक्के रुग्ण दगावले.

‘यांना हा आजार होत नाही’

बाराग्वानाथमध्ये ही विसंगती नवी नव्हती. जोहान्सबर्गचे नावाजलेले डॉक्टर हॅरी सेफ्टेल यांनी १९७८ साली दक्षिण आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीयांत हार्ट अटॅकचा आजार किती दुर्मीळ आहे, यावर लेख लिहिला होता. निरीक्षण चूक नव्हतं. पण अशा निरीक्षणाचा व्यवहारात जो अर्थ लागत गेला, तो घातक ठरला. हार्ट अटॅक नाही म्हणजे हृदय ठणठणीत, असा. लक्ष आणि पैसा गेला क्षयाकडे, बालमृत्यूंकडे, पुढे एड्सकडे. ते जायलाच हवं होतं. फक्त त्या गर्दीत रक्तदाब मोजायचं राहून गेलं.

आणि रक्तदाब तरी इथल्या मातीतला होता का? १९२९ साली केनियाच्या ग्रामीण भागात काम करणारा डॉनिसन नावाचा ब्रिटिश डॉक्टर लिहून गेला आहे की दोन वर्षांत भरती झालेल्या १,८०० रुग्णांत त्याला उच्च रक्तदाबाचा एकही रोगी मिळाला नाही. त्याने तिथल्या हजारभर लोकांचा रक्तदाब मोजला होता. चाळिशीनंतर तो वाढण्याऐवजी थोडा उतरतच होता. म्हणजे ‘आफ्रिकी माणसाच्या रक्तातच बीपी असतं’ हे विधान, जे आजही सहज केलं जातं, ते काही पिढ्यांपूर्वीच्या गावाला लागू पडत नव्हतं.

मग हा दाब चढतो कधी? याचं सर्वात नेमकं उत्तरही केनियातलंच आहे. १९८०च्या दशकात पश्चिम केनियातल्या लुओ समाजाची तरुण मंडळी गाव सोडून नैरोबीला येत होती. संशोधकांनी त्यांना शहरात आल्या-आल्या गाठलं, गावात राहिलेल्या त्यांच्यासारख्याच लोकांशी ताडून पाहिलं आणि दोन वर्षांपर्यंत पाठपुरावा केला. शहरात आलेल्यांचा रक्तदाब पहिल्या काही आठवड्यांतच वर दिसू लागला. लघवीत सोडियम वाढलेलं, पोटॅशियम कमी झालेलं. साध्या भाषेत, मीठ वाढलं; भाजीपाला, कंद, फळं कमी झाली. नाडीही जलद. जनुकं काही आठवडाभरात बदलत नाहीत. बदललं होतं ते ताट, आणि जगण्याचा ताण.

दाबाने हृदय कसं थकतं

रक्तदाब चढलेला राहिला की डाव्या कप्प्याला प्रत्येक ठोक्याला जास्त जोर लावावा लागतो. तालमीत जाणाऱ्याचे दंड फुगावेत तसा त्याचा स्नायू जाड होतो. दंड फुगले तर मिरवता येतात. इथे जाड झालेली भिंत ताठरते आणि दोन ठोक्यांच्या मधे नीट सैल पडत नाही. रक्त मागे तुंबतं, फुप्फुसात ओल साचते, माणसाला धाप लागते. याच स्थितीत काही वर्षं गेली की ताठर भिंत अखेर ताणली जाते, कप्पा मोठा होतो आणि पंपिंग घसरतं. सोवेटोच्या ८४४ पैकी ४१५ जणांचं पंपिंग मध्यम ते तीव्र कमी झालेलं होतं. ८४४ पैकी ६८ टक्क्यांच्या दुखण्याचं मूळ रक्तदाबाने पोखरलेल्या हृदयात, ताणून मोठ्या झालेल्या हृदयात किंवा दोन्हींत होतं.

यातला विश्वासघात असा की शेवटचा टप्पा सोडला तर कुठेच दुखत नाही. टाउनशिपमध्ये, म्हणजे सोवेटोसारख्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत, या आजाराला ‘हाय-हाय’ म्हणतात, ‘हाय ब्लड’मधलं हाय. मराठी कानाला तो शब्द विव्हळल्यासारखा वाटतो, पण हाय-हाय झालेला माणूस वर्षानुवर्षं विव्हळत नाही, तीच तर अडचण.

ताणलेल्या हृदयांत एक गट वेगळा काढला पाहिजे. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांत काही बायकांचं हृदय एकाएकी कमजोर होतं. सोवेटोत साधारण हजार बाळंतपणांमागे एक, असं हे प्रमाण. तरणीताठी बाई, मांडीवर तान्हं मूल आणि श्वास पुरत नाही. स्लीवा यांच्या चमूने यावर ब्रोमोक्रिप्टिन वापरून पाहिलं. दूध आटवण्यासाठी देतात तीच गोळी. वीसच बायकांवरचा तो छोटा प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला आणि आशादायक ठरला. या दुखण्याचा शहरीकरणाशी थेट संबंध नाही. पण एकाच ओपीडीत गावाकडून आलेले जुने आजार, संधिवातज्वराने बिघडलेल्या झडपा, एचआयव्हीमुळे दुबळं झालेलं हृदय आणि शहराने दिलेला रक्तदाब, हे सगळे खांद्याला खांदा लावून बसले होते, हे लक्षात ठेवायला हवं. ‘जुने आजार गेले, नवे आले’ अशी सरळ रांग तिथे नव्हती.

शहर, पण कुणाच्या सोयीचं

‘जीवनशैली बदलली’ हे उत्तर मला नेहमीच आळशी वाटत आलं आहे. जीवनशैली म्हटलं की ती माणसाने हौसेने निवडली असं गृहीत धरलं जातं. सोवेटो कुणी निवडलं नव्हतं.

याच्या उगमाशी भारतीयांचाही धागा आहे. १९०४ मध्ये जोहान्सबर्गच्या ‘कुली लोकेशन’मध्ये, जिथे बहुतांशी हिंदी मजूर राहत, प्लेग शिरला. तेव्हा तिथे वकिली करणाऱ्या गांधीजींनी रुग्णांची शुश्रूषा केली. नगरपालिकेने वस्ती रिकामी केली, लोकांना खास आगगाडीने शहराबाहेर क्लिपस्प्रुटला नेलं आणि वस्ती पेटवून दिली. त्या क्लिपस्प्रुटपासून पुढे पसरत गेलेल्या वस्त्यांना १९६३ मध्ये ‘साउथ वेस्टर्न टाउनशिप्स’च्या आद्याक्षरांवरून सोवेटो हे नाव मिळालं. आरोग्याचं कारण पुढे करून गरिबांना शहराबाहेर हाकलायचं, या पद्धतीतून सोवेटोचं बीज असं एका साथीत पडलं. मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या कथा वाचलेल्यांना यात अनोळखी काही वाटणार नाही.

वर्णभेदाच्या राजवटीत सोवेटो म्हणजे मजुरांची झोपायची जागा. काम गोऱ्यांच्या शहरात, राहणं इथे. पहाटे अंधारात निघायचं, मिनीबस टॅक्सीत दाटीवाटीने बसायचं, रात्री परत. वर्णभेद संपला तरी शहराचा नकाशा तोच राहिला. चालायला जावं तर अंधार पडल्यावर रस्ता सुरक्षित नाही. रांधायला वेळ नाही. अशा दिवसात पोट भरतं ते कोटाने. पावाचा एक चतुर्थांश तुकडा पोखरून त्यात तळलेले बटाटे, पोलोनी नावाचं स्वस्त गुलाबी मांस, चीज आणि ‘अचार’. हो, आपलंच लोणचं, कैरीचं, हिंदी मजुरांबरोबर गेलेलं आणि तिथे इतकं मुरलेलं की आता ते टाउनशिपचंच झालंय. कोटा हा शब्दही ‘क्वार्टर’वरून आला, आणि पदार्थाचा धागा डर्बनच्या भारतीयांच्या बनी चाऊशी, म्हणजे पोखरलेल्या पावात भरलेल्या रश्शाशी जुळतो. सकाळी कोपऱ्यावर माग्विन्या, म्हणजे मैद्याचे तळलेले गोळे. कोपऱ्यावरच्या छोट्या स्पाझा दुकानात साखरेची पेयं आणि सूपच्या पुड्या. २००७ मध्ये क्लिपस्प्रुटमध्येच मापोन्या मॉल उभा राहिला. तो सोवेटोकरांच्या अभिमानाचा विषय होता, आणि का नसावा? फास्ट फूडची दुकानं आता दाराशी आली, एवढंच.

वजनाचं काय? २०१६च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत दक्षिण आफ्रिकेतल्या ६८ टक्के बायका आणि ३१ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ निघाले. बायका आणि पुरुषांतली एवढी दरी फक्त खाण्याने समजत नाही. यामागे दुःखाचा एक थर आहे. एड्सच्या त्या भयंकर वर्षांत माणूस वाळत जाणं म्हणजे काय, हे प्रत्येक गल्लीने पाहिलं होतं. बारीक झालेल्या बाईकडे शेजारी वेगळ्या नजरेने पाहत. भरलेलं अंग म्हणजे निरोगी अंग, नवरा नीट सांभाळतो याची खूण, आणि ‘त्या’ आजारापासून दूर असल्याचा पुरावा. अशा बाईला वजन उतरवा म्हणणं म्हणजे तिच्या अब्रूवर बोट ठेवणं. आहारतज्ज्ञाच्या तक्त्यात हे मावत नाही.

दवाखान्याबाहेर मोजल्यावर

रुग्णालयात आलेले सगळे आजारी, मग वस्तीत काय आहे? याच प्रकल्पातल्या लोकांनी सोवेटोत हृदय-जागृती दिवस भरवले आणि येईल त्याची तपासणी केली. १,६९१ जण आले, सरासरी वय ४६. त्यांतल्या ७८ टक्क्यांमध्ये हृदयरोगाला आमंत्रण देणारं किमान एक मोठं कारण सापडलं. ४३ टक्के लठ्ठ. ३३ टक्क्यांचा रक्तदाब चढलेला. कोलेस्टेरॉल मात्र फक्त १३ टक्क्यांचं वाढलेलं.

या शेवटच्या आकड्यात कोड्याची उकल आहे. रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचायला कोलेस्टेरॉल, तंबाखू, मधुमेह आणि रक्तदाब यांची अनेक वर्षांची भागीदारी लागते. सोवेटोत रक्तदाब आणि लठ्ठपणा पुढे धावत आले. कोलेस्टेरॉल मागे रेंगाळलं. म्हणून हृदय थकलं, पण नळ्या बुजल्या नाहीत, निदान अजून तरी. याच शहरात भारतीय वंशाच्या माणसांच्या नळ्या कधीच्याच बुजू लागल्या होत्या. माझ्या मते ही मोठी संधी होती. इतर देशांनी हार्ट अटॅकची लाट आल्यावर उपाय शोधले; इथे लाट किनाऱ्यापासून दूर दिसत होती. ओळखलं ते थोड्यांनी.

उपचाराची बाजू पाहिली तर औषध महाग नाही, अवघडही नाही. २०१९च्या एका चाचणीत सहा आफ्रिकी देशांतल्या ७२८ कृष्णवर्णीय रुग्णांवर गोळ्यांच्या जोड्या ताडून पाहिल्या. ज्या दोन जोड्यांत ॲम्लोडिपिन होतं, त्या तिसरीपेक्षा सरस ठरल्या. ॲम्लोडिपिन म्हणजे आपल्याकडे कोपऱ्यावरच्या मेडिकलात मिळणारी, घरोघरच्या आजी-आजोबांच्या डबीतली गोळी. अडतं ते दुसरीकडे. गोळी महिन्याला आणायची तर सरकारी क्लिनिकच्या रांगेत अख्खा दिवस जातो, आणि दिवस गेला की रोज बुडतो. ‘काही होत नाही, मग गोळी कशाला’ हा सवाल आपल्या गावातल्या आजोबांचाही असतो, तसाच सोवेटोतल्या गोगोचाही. गोगो म्हणजे आजी. यावरचा सर्वात शहाणा तोडगा एचआयव्हीच्या अनुभवातून आला. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांची औषधं क्लिनिकऐवजी घराजवळच्या ठिकाणाहून द्यायची सरकारी योजना २०१४ पासून सुरू झाली, आणि तीत बीपीच्या गोळ्याही आल्या. ज्या साथीने हृदयाकडे दुर्लक्ष करायला लावलं, त्याच साथीने बांधलेली वाट हृदयाच्या कामी आली.

पावातलं मीठ

बाराग्वानाथ हे नाव इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलहून आलेल्या एका गोऱ्या माणसाचं. त्याच्या नावाने दुसऱ्या महायुद्धात लष्करी रुग्णालय उभं राहिलं, १९४८ मध्ये ते कृष्णवर्णीयांसाठी खुलं झालं, आणि १९९३ मध्ये हत्या झालेले वर्णभेदविरोधी नेते क्रिस हानी यांचं नाव पुढे त्याला जोडलं गेलं. तिथल्या कॉर्निश भाषेत या आडनावाची फोड अशी सांगतात : बारा म्हणजे पाव, ग्वानाथ म्हणजे गहू. गव्हाच्या पावाचं रुग्णालय! आणि दक्षिण आफ्रिकेत तयार पदार्थांतून पोटात जाणाऱ्या मिठाचा मोठा वाटा कशाचा, तर पावाचा.

सरकारने घाव घातला तो इथेच. २०१३ मध्ये आरोग्यमंत्री ॲरन मोत्सोआलेदी यांनी मिठावरचे नियम आणले. पाव, न्याहारीची धान्यं, मार्गारिन, प्रक्रिया केलेलं मांस, सूपची पुडी, चवीच्या वड्या अशा पदार्थांत सोडियम किती असावं याची कायद्याने मर्यादा. पावाला १०० ग्रॅममागे २०१६ पासून ४०० मिलिग्रॅम, २०१९ पासून ३८०. हिशेब करून पाहू. ३८० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे जवळपास एक ग्रॅम मीठ. तिथला पाव ७०० ग्रॅमचा. कोटात जातो त्याचा पाव हिस्सा, १७५ ग्रॅम. म्हणजे कायदा पाळलेल्या नुसत्या पावातून सुमारे पावणेदोन ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा पाच ग्रॅमची. पोलोनी आणि अचार अजून मोजलेलं नाही.

तरी मी या कायद्याला साखरेवरच्या करापेक्षा वरचा नंबर देतो. साखरेचा कर २०१८ च्या एप्रिलपासून आला, १०० मिलिलिटरमध्ये चार ग्रॅमपेक्षा जास्त साखर असेल तर जास्तीच्या दर ग्रॅमला २.१ सेंट; पेयांच्या कंपन्यांशी झालेल्या रस्सीखेचीत मूळ प्रस्तावाची धार निम्म्यावर आली. शिवाय तो कर गिऱ्हाइकाच्या निवडीवर भिस्त ठेवतो. मिठाचा कायदा गिऱ्हाइकाला काही विचारतच नाही. अर्ध्या रात्री उठून कामाला निघालेल्या बाईला पाकिटावरचं बारीक लेबल वाचायला लावत नाही. मीठ भट्टीतच कमी पडतं.

बाराग्वानाथच्या आसपासच एक दुसरी वही उघडलेली आहे. १९९० च्या एप्रिल ते जून या काही आठवड्यांत सोवेटो-जोहान्सबर्गमध्ये जन्मलेल्या ३,२७३ बाळांची नोंद तिच्यात आहे. मंडेला त्याच वर्षी फेब्रुवारीत तुरुंगाबाहेर आले होते, म्हणून या मुलांना ‘मंडेलांची मुलं’ म्हणतात. ही मंडळी शहरातच जन्मली. गावातून येऊन रक्तदाब चढण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता, ते चढत्या दाबातच वाढले. पाच वर्षांच्या वयात ज्यांचा दाब वयाच्या मानाने वर होता, त्यांतल्या अनेकांचा अठराव्या वर्षीही वरच राहिला. २००६ च्या वहीतली नवी रुग्ण बाई सरासरी ५३ वर्षांची होती. ही मुलं त्या वयाला २०४३ मध्ये पोचतील.